वरातीतली घोडी रानवाटेवर : ढिल्या लगामापर्यंतची नोंद

सोबतचा घोडा दहा पावलं पुढे गेला की ही घोडी जागच्या जागी दुडदुडायला लागते. मान वर, पाठ पोकळ, तोंडाला फेस. अशा वेळी स्वार लगाम आवळतो आणि तिथेच सगळं बिघडतं. घोडी मारवाडी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आलेली, वरातीत नाचायला शिकवलेली. नाच शिकवताना लगाम आवळून वर टाच देतात. पुढची वाट बंद, म्हणून पाय वर उचलले जातात. त्यामुळे आवळलेला लगाम तिला थांबवत नाही, नाचवतो. आपल्याकडच्या हौशी स्वारांचे बरेच घोडे याच कामातून आलेले असतात, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

पहिला बदल तोंडातला. जुनं बिट, म्हणजे लगाम जोडलेली तोंडातली लोखंडी पट्टी, काटेरी होतं. 1965च्या केंद्रीय नियमांनी काटेरी बिटाला बंदी आहे, तरी बाजारात ते सर्रास दिसतं. ते काढून गुळगुळीत, जोडाचं स्नॅफल (मधे सांधा असलेलं सौम्य बिट) घातलं: जाडी 14 ते 16 मिलिमीटर, आणि ओठांच्या दोन्ही कडांना मिळून साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळीक. त्याआधी डॉक्टरांकडून दात तपासून आणि खरवडून घेतले. खोगिराखाली पाठ दाबून पाहिली. खोगीर आणि खांद्याच्या उंचवट्यामध्ये स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. दुखणाऱ्या घोड्याला कितीही शिकवा, तो शांत होणार नाही, म्हणून ही तपासणी टाळून पुढे जाऊ नये.

मग कुंपणाच्या आत एका लगामाने वळवण्याचा सराव. हा आधी उभ्याने, मग चालीत, मग हलक्या दुडकीत. डावा हात लगामावर पुढे सरकवायचा, हळूहळू आपल्या मांडीकडे आणायचा, उजवा लगाम पूर्ण सोडायचा. नाक रिकिबीकडे (स्वाराचा पाय ठेवायच्या कडीकडे) वळतं, मागचे पाय एकमेकांना ओलांडतात आणि ढकलण्याची ताकद संपते. पाय थांबले आणि जबडा सैल झाला की त्याच क्षणी लगाम सोडायचा. सोडायला उशीर झाला तर घोडी हातावर टेकायला शिकते. दोन्ही बाजूंनी सारखाच सराव हवा. मात्र भरधाव घोड्याची मान अशी एकदम वळवली तर तो पाय अडकून पडतो. उधळलाच तर मोकळ्या माळावर मोठं वर्तुळ धरून ते लहान करत आणायचं. अरुंद वाटेवर एक मूठ आयाळीवर मानेला टेकवून दुसऱ्या हाताने खेच-सोड, खेच-सोड करायची. सलग ओढत राहिलं की घोडाही तितक्याच जोराने ओढतो.

वाटेवर दुडदुड सुरू झाली की आता लगाम आवळायचा नाही, पायांना काम द्यायचं. रुंद जागा असेल तर 8 ते 10 मीटरचं वर्तुळ, नसेल तर वाटेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी पावलं. चार पावलं साधी चालली की लगाम लांब सोडायचा. पुन्हा दुडदुडली, पुन्हा वर्तुळ. सुरुवातीला यात इतका वेळ जातो की फेरी अर्ध्यावरून परत आणावी लागते, आणि ती आणावीच. गळ्यात रिकिबीचा जुना पट्टा बांधून ठेवला आहे. तोल गेला की हात तिथे जातो, तोंडाला हिसका बसत नाही.

बुजण्याचं गणित वेगळं. उसाची ट्रॉली, वाऱ्यावर फडफडणारा प्लास्टिकचा कागद, कालव्यावरचा पंप, हे तिचे नेहमीचे शत्रू. आपण तिचं तोंड त्या वस्तूकडे वळवतो आणि खांदा निसटून ती उलट बाजूला उडी मारते. त्याऐवजी वस्तू डावीकडे असेल तर नाक किंचित उजवीकडे आणि उजवा पाय तंगापाशी (खोगिराच्या पोटाखालून जाणाऱ्या पट्ट्यापाशी). त्यामुळे मागचा भाग रस्त्यावर, गाड्यांकडे फेकला जात नाही. नजर पुढच्या वळणावर, श्वास सोडलेला. आपण श्वास रोखला की मांड आवळते आणि तिला ते लगेच कळतं.

जोडीला वयस्क, थंड डोक्याचा घोडा हवाच. दोन घोड्यांत किमान एका घोड्याच्या लांबीएवढं, म्हणजे अडीच मीटर अंतर. जागा बदलत राहायच्या: कधी पुढे, कधी मागे, कधी शेजारी. नेहमी मागे ठेवलेली घोडी पुढच्या शेपटीच्या आधारानेच शांत राहते आणि तो आधार गेला की परत पहिल्यासारखी होते. परतीच्या वाटेवर सगळ्यांनीच चालीत यायचं. तबेल्याच्या फाटकावरून सरळ पुढे जायचं, थोड्या अंतरावर वळून यायचं. फाटकाशी थेट खरारा (अंग घासणं) आणि चंदी (दाणा) मिळाली की घराकडची ओढ वाढणारच.

चंदीही तपासली. 350 किलोच्या घोडीला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज सव्वापाच ते सात किलो कोरडी वैरण लागते. हरभऱ्याचं प्रमाण कामाच्या मानाने जास्त होतं, ते निम्म्यावर आणलं. हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा, नाहीतर पोटशूळ ओढवतो. स्वारीआधी अर्धा तास मोकळं सोडलं की फरक लगेच जाणवतो.

प्रगती मोजायला नाडी उपयोगी पडते. विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 ठोके असतात. संथ फेरीनंतर पंधरा-वीस मिनिटांत ठोके 60च्या खाली यायला हवेत. दमली नसूनही आले नाहीत तर ती अजून धास्तावलेलीच आहे. सध्या ओळखीच्या वाटेवर ती लांब लगामावर चालते, एक कान मागे स्वाराकडे असतो, मान खांद्याच्या पातळीला येते. ढोल-ताशाचा आवाज आला की अजून पाय उचलते, म्हणून लग्नसराईत गावातून जाणारी वाट सोडून कालव्याची घेतो. घोळक्यात कॅंटर (दुडकीपेक्षा वेगाची, पण भरधाव नसलेली दौड) अजून केलेला नाही. पुढचा घोडा नजरेआड झाल्यावरही ती लांब लगामावर उभी राहू लागली की मग चढावर, दोनच घोड्यांनी, थोड्या अंतरापुरता. उतारावर नाही.