लिव्हरचा कॅन्सर आणि तो कडू खोकला

लिव्हरच्या कॅन्सरची ट्रीटमेंट झाली की येणारा-जाणारा दोनच गोष्टी विचारतो, गाठ गेली का आणि परत येणार नाही ना. खोकल्याबद्दल कोण कशाला विचारतंय!

आमच्या आण्णांना हिपॅटायटिस बी मुळं सिरॉसिस झालेला, म्हणजे लिव्हर आकसून कडक झालेलं, त्यातनं उजव्या बाजूला एकदम वरच्या टोकाला, डायफ्रॅमला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागूनच गाठ. ऑपरेशन झेपंल असं लिव्हर राहिलं नव्हतं म्हणून मुंबईला आधी टेस (TACE) केलं आणि नंतर मायक्रोवेव्हची सुई घालून गाठ जाळली. टेसचं लॉजिक मला आवडलं होतं. चांगल्या लिव्हरला पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधनं, म्हणजे आतड्याकडनं येणाऱ्या शिरेतनं, मिळतं पण गाठ जगते ती मुख्यतः हिपॅटिक आर्टरीवर, म्हणजे लिव्हरच्या धमनीवर, म्हणून जांघेतनं बारीक नळी नेऊन त्याच आर्टरीत केमो सोडायचं आणि तिचा पुरवठा तोडायचा. नंतर ताप, पोटदुखी, मळमळ झाली, ती बऱ्याच जणांना होते आणि आठवडाभरात उतरते असं आधीच सांगितलेलं, तसंच झालं. स्कॅन चांगला आला, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कोल्हापूर गाठलं आणि काही दिवसांत आण्णा उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मोल्डसाठी पॅटर्न बनवणाऱ्या जुन्या शॉपवर, चहाला हजर.

खोकला सुरू झाला तो काही महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात. आता कोल्हापुरात जुलैमध्ये खोकत नाही असा माणूस दाखवा. इथल्या डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रेत उजव्या फुप्फुसात खाली डाग दिसला, न्युमोनिया म्हणून अँटिबायोटिक दिलं, ताप जायचा आणि परत यायचा. मग टीबीसाठी थुंकी तपासली, निगेटिव्ह. त्यांना दोष देत नाही, समोर खोकला आणि डाग असल्यावर कुठलाही डॉक्टर हेच करणार. पण आण्णा एकच धोशा लावून बसलेले, "कफ लई कडू हाय रं, जहर नुसतं." आम्हाला वाटलं पित्त वर येत असंल. एक दिवस बायकोनं बेसिनमधला कफ बघितला तर हिरवट पिवळा, हळदीचा डाग पडावा तसा, तिनं फोटो काढला आणि मी तो मुंबईच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप केला, जरा लाजत लाजतच. त्यांचा लगेच फोन, पहिलाच प्रश्न, "कडू लागतो का?"

तो कफ नव्हताच, पित्त होतं. गाठ जाळलेल्या जागी एक पित्तनलिका भाजली गेलेली, तिथं पित्त साठलं, इन्फेक्शन होऊन पू झाला आणि त्यानं हळूहळू डायफ्रॅम पोखरून थेट फुप्फुसातल्या श्वासनलिकेत वाट काढली. ब्रॉन्कोबिलिअरी फिस्टुला म्हणतात, फार क्वचित होतो. थुंकीत बिलिरुबिन, म्हणजे पित्तातला पिवळा रंग, सापडला तेव्हाच जवळपास नक्की झालं, मग हायडा स्कॅन केला, त्यात शिरेतनं दिलेलं औषध लिव्हरमधनं पित्ताबरोबर बाहेर पडतं आणि कॅमेऱ्यात दिसतं, ते चक्क छातीत चढलेलं दिसलं. पित्त वर कसं काय चढेल हा माझा बावळट प्रश्न. तर खालचं तोंड, जिथनं पित्त आतड्यात उतरतं, तिथं एक स्नायू आवळून बसलेला असतो, आणि श्वास घेताना छातीत प्रेशर कमी होतं, म्हणजे खाली अडथळा आणि वर ओढ. शरीरात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं, ते सोपी वाट धरणारच.

आण्णांना हे माझ्याआधी समजलं. म्हणाले, "मोल्ड फुटलाय, रस नको तिथनं पळतोय, मेन गेट मोकळं करा की." आणि खरंच उपाय तोच. पुवाच्या पोकळीत बाहेरून नळी घातली, ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातनं दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, तो स्नायू थोडा कापला आणि पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकला, पित्ताला खाली उतार मिळाला आणि खोकला कमी होत गेला. असं भागलं नाही तर छातीचं ऑपरेशन, आणि सिरॉसिसच्या माणसाला ते किती जड, हे सांगायला नको.

याच निमित्तानं बाकीचे दुर्मिळ प्रकारही कळले. डायफ्रॅम भाजला असेल तर पुढं कधीतरी, काहींना वर्षांनीसुद्धा, तिथनं आतडं छातीत सरकतं. सुईच्या मार्गात कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात. टेसचं औषध भलत्या फांदीत गेलं तर पित्ताशय सुजतं नाहीतर पोटात अल्सर होतो. आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, स्नायू कापून स्टेंट टाकल्यावर आतड्यातले जंतू वर चढायला मोकळे, त्यामुळं पुन्हा टेस करायची वेळ आली तर लिव्हरमध्ये पू होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं दार उघडं ठेवलंय. हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असायलाच पाहिजे, दातांच्यासुद्धा.

म्हणून फाईलच्या कव्हरवर जाड मार्करनं लिहून ठेवलंय, टेस कधी, मायक्रोवेव्ह कधी आणि लिव्हरच्या कुठल्या भागात, स्टेंट कधी टाकला आणि कधी बदलायचा, कारण प्लास्टिकचा आहे, तीनेक महिन्यांनी बदलावा लागतो. खाली आण्णांनी स्वतःच्या अक्षरात भर घातलीय, "कफ कडू आला तर लगेच फोटो काढणे."