रामबागेतल्या काकूंचा प्रश्न

माझ्या हाडातल्या गाठीचे ठिपके फुप्फुसात दिसल्याचं कानावर गेलं आणि "म्हणजे कॅन्सरची चौथी स्टेज का रे?" असं रामबागेतल्या काकूंनी फोनवर सरळच विचारलं. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत बातमी पोह्यांच्या गाडीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझ्या गुडघ्याखाली होता तो जायंट सेल ट्यूमर, म्हणजे मोठाल्या पेशी असलेली हाडातली गाठ. हा बहुतेक विशी ते चाळिशीत होतो, गुडघ्यापाशी किंवा मनगटात. कॅन्सर नाही, पण हाड आतून पोखरतो. माझी गाठ खरवडून काढली आणि पोकळीत बोन सिमेंट भरलं. मी सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे ऑफिसातले विनोद तुम्हीच कल्पून घ्या.

नंतर छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात ठिपके दिसले. शंभरातल्या मोजक्याच रुग्णांत असं होतं. गाठीच्या पेशी रक्तातून फुप्फुसात जाऊन बसतात. माझ्या एका ठिपक्याचा तुकडा तपासला, तर मायक्रोस्कोपखाली गुडघ्यातलंच चित्र निघालं. असे ठिपके बहुधा सावकाश वाढतात, काही वर्षानुवर्षं तसेच राहतात, क्वचित आपोआप जिरतातही. थोड्यांचे मात्र त्रास देतात, म्हणून नजर ठेवायची. तेव्हा काकू, चौथी स्टेज नाही.

सध्या डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन चालू आहे, दर चार आठवड्यांनी 120 मिलिग्रॅम, त्वचेखाली. हाड खाणाऱ्या मोठ्या पेशींना गाठीतल्या दुसऱ्या पेशी रँक-लिगँड नावाच्या प्रथिनातून हुकूम देतात. हे औषध तो हुकूम अडवतं. हुकूम देणाऱ्या पेशी मात्र मरत नाहीत, त्यामुळे औषध थांबवल्यावर गाठ पुन्हा डोकं काढू शकते. सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं, कारण या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड क्वचित सडतं. किडकी दाढ आधीच उपटून घेतली, जखम भरू दिली, मग पहिलं इंजेक्शन. रक्तातलं कॅल्शियम उतरतं, म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत. सराफ्यातली, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातली, रबडी त्यात धरत नाहीत, विचारून झालंय.

काकूंचा राग नाही. राग येतो तो "साधी गाठ होती ना, मग कशाला सारखे छातीचे फोटो काढतोस?" म्हणणाऱ्यांचा. ठिपके दिसले तेव्हा मला ना खोकला होता, ना धाप. सराफ्यात रात्री उशिरापर्यंत हिंडत होतो. ज्यांची गाठ मनगटात होती किंवा एकदा काढून परत आली, त्यांना फुप्फुसाचा धोका जास्त. त्यांनी तर छातीचा एक्स-रे टाळूच नये.