अभिनयाचा रियाज : माझा अनुभव

गाणारा माणूस रोज रियाज करतो म्हटलं की कुणाला काही वाटत नाही, पण मी अभिनयाचा रोज सराव करतो म्हटलं की हमखास प्रश्न येतो, म्हणजे नक्की काय करतोस, आरशासमोर रडतोस का? तर नाही, आरसा तर आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावला. आरशात बघून केलं की आपण चेहरा बनवायला लागतो, भुवया वर, ओठ थरथर, आणि लक्ष सगळं स्वतःच्या तोंडाकडे, समोरचं पात्र गेलं उडत.

सुरुवात श्वास आणि आवाजापासून झाली आणि हा भाग कंटाळवाणा आहे, आधीच सांगून ठेवतो. श्वास पोटापर्यंत घ्यायचा, खांदे वर जाऊ द्यायचे नाहीत, मग 'स्स्स' करत एकसारखा सोडायचा. मग जबडा, जीभ, ओठ मोकळे करायचे. मग मोठ्याने वाचन, फोनवर रेकॉर्ड करून. ते ऐकल्यावर कळलं की मी वाक्याचा शेवट खातो. आपल्याकडे वाक्याचा सगळा जीव शेवटी असतो, 'मी तुला पैसे देणार' एवढं ऐकू गेलं आणि 'नाही' घशातच राहिलं तर सीनच उलटा झाला ना! म्हणून कित्येक दिवस फक्त शेवटच्या शब्दापर्यंत श्वास पुरवायचा एवढंच काम केलं.

पाठांतराची पद्धत पण बदलावी लागली. वाक्यं सूर लावून पाठ करायची नाहीत, सपाट, यादी वाचल्यासारखी पाठ करायची, कपडे घड्या करताना, चालताना, कशीही. एकदा का सूर पाठ झाला की समोरच्याने त्याचं वाक्य कसंही म्हणू दे, तुम्ही तुमचं ठरलेलंच वाजवता.

आता खरी मजा. ऐकण्याचा सराव. न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकवायचे त्या सॅनफर्ड माइसनर यांचा एक व्यायाम आहे, दोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकच वाक्य एकमेकांना परत परत म्हणायचं. माझा पार्टनर म्हणाला, "तू निळा शर्ट घातलायस." मी म्हणालो, "मी निळा शर्ट घातलाय." परत तो, परत मी. सुरुवातीला इतकं बावळटासारखं वाटतं की हसू येतं, मग हसू संपतं, मग कंटाळा येतो, आणि त्याच्यानंतर कधीतरी त्याच्या आवाजात किंचित चीड आली आणि मी काही न ठरवता खुर्चीत मागे सरकलो. वाक्य तेच, शर्ट तोच, पण भांडण सुरू झालेलं! ते मी 'केलं' नव्हतं, त्याच्याकडून माझ्याकडे आलं होतं. माझ्या मते अभिनयाच्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट ठेवायची म्हटलं तर मी ही ठेवेन, बाकीचं यातून बरंच सुटतं.

दुसरी गोष्ट, ज्याचं श्रेय रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांना जातं, ती म्हणजे पात्राला आत्ता, या क्षणी, समोरच्याकडून काय हवंय ते शोधणं. 'दुःखी हो' हे करता येत नाही, करायला गेलं की आवाज रडका होतो बस. पण 'त्याला जाऊ देऊ नकोस' हे करता येतं. मी एकच वाक्य घ्यायचो, "बस ना जरा", आणि ते कधी जाणाऱ्याला थांबवायला, कधी त्याला लाजवायला, कधी चक्क धमकी म्हणून म्हणायचो. भाव मागायचा नाही, हेतू बदलायचा, भाव आपोआप मागून येतो. येतोच असं नाही, पण बऱ्याचदा येतो.

रडण्याचं मात्र लोकांना फार कौतुक. डोळ्यांत पाणी आलं की अभिनय जमला असं धरून चालतात. अरे, नाट्यशास्त्रात भरतमुनींनी सात्त्विक भाव, म्हणजे आतली भावना अंगावर दिसते त्या खुणा, आठ सांगितलेत, स्तंभ (गोठणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथु (थरथर), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं), त्यात अश्रू हा फक्त एक! वाईट बातमी ऐकल्यावर माणूस आधी गोठतो, रडतो नंतर, आणि ते गोठणं नीट केलं तर जास्त लागतं. स्वतःची जुनी दुःखं उकरून रडायचा प्रकार मी करून बघितला, पाणी येतं, पण मग मी माझ्याच आठवणीत असतो, सीनमध्ये नसतोच. त्यापेक्षा हाताला काम द्यावं. घर सोडून जाणाऱ्याची बॅग भरायचा सीन असेल तर खरंच शर्टाची घडी घालायची, कॉलर नीट करायची, चेन अडकली तर अडकू द्यायची. स्तानिस्लाव्हस्की स्वतः पुढे पुढे अशा साध्या शारीरिक क्रियांकडेच वळले होते.

कॅमेऱ्याचा सराव वेगळा लागतो. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं असतं, तेच क्लोज-अपमध्ये केलं की ओरडल्यासारखं दिसतं. स्वतःला शूट करून आवाज बंद करून बघा, कारण नसताना होणारी डोळ्यांची उघडझाप आणि हलणारी मान लगेच पकडली जाते. मला एक आठवडा स्वतःचा राग येत होता.

सध्या अडलंय ते हसण्यावर. खोटं रडणं एकवेळ खपतं, खोटं हसणं लगेच कळतं. हसू म्हणजे मुळात तुटक तुटक बाहेर पडणारा श्वास, म्हणून पोटातून 'हा हा' असे छोटे धक्के देत सुरू करायचं आणि पार्टनरच्या हसण्यावर स्वतःला सोडून द्यायचं असं शिकवलंय. पार्टनर असला की जमतं, एकट्याने केलं की खोकला आल्यासारखं वाटतं. तोपर्यंत संहितेच्या रीडिंगला बसलो की मी आधी बघून घेतो, आपल्या पात्राला मोठ्याने हसायचं कुठे कुठे आहे ते.