काबुकीसमोरची रांग, पाचव्या रस्त्यावरचा नाच

मार्च लागला की मला अजून जपानटाउनमधल्या काबुकी थिएटरसमोरची रांग आठवते. पोस्ट स्ट्रीटवर वारा असा सुटलेला असायचा की हातातली कार्यक्रमपत्रिका धरून ठेवणं मुश्कील. रांगेत पुढे कॉलेजातली मुलं, मध्ये कॅन्टोनीजमध्ये गप्पा रंगवणाऱ्या दोघी-तिघी आज्या, मागे लहान मुलांसकट आलेलं एखादं कोरियन कुटुंब. सॅन फ्रान्सिस्कोचा आशियाई-अमेरिकी चित्रपट महोत्सव १९८२ साली सुरू झाला. २०१३ पासून त्याला कॅमफेस्ट म्हणतात आणि २०१८ पासून तो मे महिन्यात भरतो. माझ्या मनात मात्र तो मार्चमधलाच राहिला आहे.

आम्ही चार-पाच मराठी मंडळी तिथे स्वयंसेवक म्हणून जायचो. पुढाकार इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळणाऱ्या काकूंचा. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवता ठेवता त्यांनी मला विचारलं होतं, "अगं, तुला सिनेमाची आवड आहे ना? मग चल की माझ्याबरोबर. तिकिटं फाडायची, मतपत्रिका वाटायच्या, नंतर आपल्याला बघायचा तो सिनेमा बघायचा." काकू मूळच्या पुण्याच्या. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म आर्काइव्हमध्ये कुरोसावा, ओझू या जपानी दिग्दर्शकांचे चित्रपट बघून त्यांची नजर तयार झालेली. त्यांच्याबरोबर चित्रपट बघणं म्हणजे निम्मं शिक्षणच होतं.

पण काकूही इथे येऊन नव्याने शिकल्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. बर्कलीच्या पॅसिफिक फिल्म आर्काइव्हमध्ये जपानबाहेरचा जपानी चित्रपटांचा फार मोठा संग्रह आहे. तिथे एका संध्याकाळी ओझूचा 'टोकियो स्टोरी' होता. १९५३ सालचा हा चित्रपट काकूंनी पुण्यात अनेकदा पाहिलेला. म्हातारे आईवडील शहरातल्या मुलांकडे येतात, मुलांना वेळ नसतो, परत गेल्यावर आई जाते. अंत्यविधीनंतर सगळे जेवायला बसलेले असताना थोरली मुलगी आईचा अमुक पट्टा, तमुक किमोनो आपल्याला हवा म्हणून सांगून टाकते. पुण्यात या जागी थिएटर चिडीचूप असायचं म्हणे. इथे आमच्या पुढच्या रांगेतल्या जपानी-अमेरिकी बायका खुदकन हसल्या, एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. त्यांच्या ओळखीतली कोणीतरी होती ती. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ओझू बघत होते. या बायका त्यांच्या घरातली माणसं बघत होत्या." त्यानंतर जागा निवडताना आम्ही मुद्दाम वयस्क बायकांच्या मागची रांग धरायला लागलो. कुठे हसतात, कुठे पर्स उघडून रुमाल शोधतात, त्यावरून चित्रपटातलं किती कळायचं!

महोत्सवाचा पहिला खेळ बहुधा कॅस्ट्रो थिएटरात असे. १९२२ सालचं ते जुनं, भव्य चित्रपटगृह, आणि पडदा उघडण्याआधी वाजणारा ऑर्गन. शेवटी 'सॅन फ्रान्सिस्को' हे गाणं सुरू झालं की सगळं थिएटर टाळ्यांचा ठेका धरायचं. मग दिवे मंद व्हायचे आणि पडद्यावर सोलचा किंवा तैपेईचा एखादा रस्ता यायचा. या शहराचं गाणं आणि त्या शहराचा रस्ता एका दमात मिळायचे. त्यात कोणाला काही विसंगत वाटायचं नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक घेऊन पायऱ्या चढायचं काम माझ्याकडे असे. लोक उठून प्रश्न क्वचितच विचारायचे. आपली आई चायनाटाउनच्या शिवणकामाच्या कारखान्यात होती, वडील लाँड्रीत होते, असं सांगायला लागायचे. दिग्दर्शक मान हलवत ऐकायचे. वेन वाँगचा 'चान इज मिसिंग' ज्या वर्षी आला त्याच वर्षी हा महोत्सव सुरू झाला, हे मला त्यामुळे फार बोलकं वाटतं. चायनाटाउनच्या गल्ल्यांत, अगदी थोड्या पैशांत काढलेला तो कृष्णधवल चित्रपट. दोन टॅक्सीवाले चान नावाच्या माणसाला शोधत हिंडतात आणि ज्याला विचारावं तो वेगळाच चान सांगतो. इथल्या लोकांबरोबर तो बघताना मजा अशी की गोष्टीकडे एक डोळा आणि मागच्या दुकानांच्या पाट्यांकडे दुसरा. "हे दुकान आता नाही," अशी कुजबुज चालूच. खेळ सुटला की ३८ नंबरची गिअरी बस पकडून आम्ही थेट त्याच गल्ल्यांत वाँटन नूडल्स खायला जायचो.

चायनाटाउनमध्ये चित्रपटाचा इतिहास पावलापावलावर आहे. जॅक्सन स्ट्रीटवरच्या चायनीज हॉस्पिटलमध्ये २७ नोव्हेंबर १९४० रोजी ब्रूस लीचा जन्म झाला. वडील कॅन्टोनीज ऑपेराच्या दौऱ्यावर आलेले नट होते. तान्हं बाळ असतानाच तो 'गोल्डन गेट गर्ल' या चित्रपटात झळकला आणि त्या चित्रपटाची दिग्दर्शिका एस्थर एंग ही याच शहरात जन्मलेली मुलगी. त्याच्याही आधी, १९१६ साली, खाडीपलीकडे ओकलंडमध्ये मॅरियन वाँग या तरुणीने घरातल्या माणसांना उभं करून स्वतः एक मूकपट काढला होता. वितरक मिळाला नाही, रिळं तशीच पडून राहिली, आणि त्यातली काही कितीतरी दशकांनी हाती लागली. काकूंना ही हकीकत कळली तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे आपले दादासाहेब आणि सरस्वतीबाई दादरच्या घरात सगळं कुटुंब कामाला लावून 'हरिश्चंद्र' काढतात, त्यानंतर तीनच वर्षांनी." फाळक्यांना कीर्ती मिळाली, ती मिळायलाच हवी होती. या मुलीचं नाव मात्र तिच्या गावालाही ठाऊक नव्हतं. अशी नावं परत वर काढण्याचं काम हे महोत्सव करतात, म्हणून मला ते इतके मोलाचे वाटतात.

चिनी नववर्षाच्या मिरवणुकीबद्दल मी फार लिहीत नाही. शंभरावर माणसांनी उचललेला तो लांबच लांब सोनेरी ड्रॅगन सगळ्या जगाने पाहिलेला आहे. गर्दीही भयंकर. आमची पावलं त्या महिन्यात वेगळ्या कार्यक्रमाकडे वळायची.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोच्या कुटुंबांना आधी सॅन ब्रुनोच्या टॅनफोरान रेसकोर्सवर, घोड्यांच्या पागांत ठेवलं आणि मग युटाच्या वाळवंटातल्या टोपाझ छावणीत नेलं. दर फेब्रुवारीत जपानटाउनमध्ये या दिवसाची आठवण जागवतात. छावण्या दहा, म्हणून मेणबत्त्या दहा. एकेका छावणीचं नाव पुकारलं की तिथे राहिलेलं, किंवा तिथे राहिलेल्यांच्या घरातलं कोणी पुढे येऊन मेणबत्ती लावतं.

महोत्सवात आमच्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई होत्या, सत्तरीच्या. आम्ही आपसांत त्यांना आजी म्हणायचो. टोपाझची मेणबत्ती लावायला त्या पुढे गेल्या तेव्हा आम्हाला कळलं की त्यांचं लहानपण कुठे गेलं. महोत्सवाच्या इतक्या रात्री तिकिटं फाडताना त्यांनी हा विषय काढला नव्हता.

टोपाझमध्ये डेव्ह तात्सुनो नावाचे एक दुकानदार होते. छावणीत कॅमेऱ्याला बंदी. छावणीतल्याच एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या मदतीने त्यांनी आपला ८ मिलिमीटरचा कॅमेरा गुपचूप मागवून घेतला आणि १९४५ पर्यंत जमेल तसं चित्रण केलं, तेही रंगीत. ही घरगुती फिल्म १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतली गेली. आम्ही ती पाहिली तेव्हा आजी माझ्या शेजारी होत्या. बर्फ, बराकी, थंडीने लाल झालेले मुलांचे गाल, नववर्षासाठी मोची, म्हणजे चिकट भाताच्या वड्या, करायला भात कुटणारे पुरुष: एक जण लाकडी मोगरी उचलतो, ती खाली यायच्या आत दुसरा उखळातला भाताचा गोळा ओल्या हाताने फिरवून घेतो. आवाज काहीच नाही, फिल्म मुकी आहे. आवाज थिएटरात होता. लोक अंधारात नावं घेत होते. अमक्याचे वडील, तमक्याचा भाऊ, आमच्या ब्लॉकमधला तो. आजींनी कोणाचं नाव घेतलं नाही. मोगरी खाली येईल तसा त्यांचा उजवा तळवा मांडीवर हलकेच पडत होता.

एप्रिलमध्ये चेरी ब्लॉसम उत्सव. दोन शनिवार-रविवार पोस्ट स्ट्रीट बंद, शांतिस्तूपाच्या चौकात ताइको ढोल, शेवटच्या रविवारी सिव्हिक सेंटरपासून मिरवणूक. सगळ्यात शेवटी साकेच्या, म्हणजे तांदळाच्या मद्याच्या, पिंपांची मोठी रास रचलेली, तारू मिकोशी म्हणतात ती पालखी शंभरेक माणसांच्या खांद्यांवरून येते, आणि ती आली की कडेला उभं राहवतच नाही. मंडळातले एक काका दरवर्षी ती वळणावर येताच "अरे, डावीकडून दाबा!" असं मराठीत ओरडायचे. ढोल-ताशा पथकात वाढलेला माणूस. त्यांना मी तिथे जितकं आनंदात पाहिलं तितकं एरवी क्वचितच.

आणि मग जुलै, जपानी बौद्धांचा ओबोन सण. त्यासाठी आम्ही तासभर गाडी हाकून सॅन होजेला जायचो. अमेरिकेत आता तीनच जपानटाउन उरली आहेत. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि हे. पाचव्या रस्त्यावर १९३७ साली बांधलेलं लाकडी बौद्ध मंदिर आहे. त्याच्यासमोर मधोमध मचाण, मचाणावर ढोल, आणि रस्त्याच्या लांबीने नाचणाऱ्यांच्या रांगा. सॅन होजे ताइको हा १९७३ सालचा गट याच मोहल्ल्यातला. नाच बाहेरच्यांनाही खुला असतो आणि आधीचे काही आठवडे संध्याकाळी सराव चालतो. आजींनीच आम्हाला सरावाला नेलं. काकू पाच मिनिटं कडेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर भोंडला!" मधे हत्तीऐवजी ढोल, एवढाच काय तो फरक. पर्स माझ्याकडे देऊन त्या रांगेत शिरल्यासुद्धा.

सगळ्यात सोपा नाच कोळसा खाणकामगारांचा, तांको बुशी. गाणं क्यूशू बेटावरच्या खाणींतलं. उजवीकडे दोनदा खणायचं, डावीकडे दोनदा खणायचं. टोपलीतला कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा. मग एक-एक पाऊल मागे घेत कपाळावर हात धरून चंद्र बघायचा. पुढे होऊन गाडी ढकलायची, दोन्ही हात खाली उघडायचे, टाळी. चिमुरड्यांपासून नव्वदीच्या आज्यांपर्यंत सगळ्यांना तो येतो. कोणी चुकलं तर पुढची बाई न बोलता जरा मोठा हात करून दाखवते.

ओबोन हा पितरांचा सण. बुद्धांचा शिष्य मौद्गल्यायन याला दिव्यदृष्टीने दिसतं की आपली आई प्रेतलोकात भुकेली आहे. त्याने दिलेला घास तिच्या तोंडाशी जाताच पेट घेतो. बुद्ध त्याला सांगतात, वर्षावास संपेल तेव्हा भिक्षुसंघाला दान दे. आईची सुटका होते आणि तो आनंदाने नाचतो. याच मौद्गल्यायनाचे अवशेष आपल्याकडे सांचीला आहेत. कथा चीन-जपानमार्गे कॅलिफोर्नियाच्या एका रस्त्यावर येऊन पोचली, आणि १९३० च्या दशकात इथल्या बौद्ध मंदिरांनी नाचाची ही प्रथा रुजवली. छावण्यांतही लोक ओबोनला नाचले.

काकूंचे यजमान गेले, त्या वर्षी त्यांनी सगळं बंद केलं. वर्ष व्हायचं होतं, घरात सण नव्हता. मंडळाच्या गणपतीलाही त्या येणार नव्हत्या. जुलैच्या सुरुवातीला आजींचा फोन आला. ज्यांच्या घरात गेल्या वर्षभरात कोणी गेलं आहे त्यांच्यासाठी मंदिरात वेगळी प्रार्थना असते, पहिल्या ओबोनची. या वर्षी तर तुम्ही यायलाच हवं, असं त्या म्हणाल्या. आपल्याकडे ज्या वर्षी सण वर्ज्य, त्या वर्षी यांच्याकडे मुद्दाम बोलावतात. काकू दोन दिवस विचार करत होत्या. मग आल्या. मंदिरात रांगेने पुढे जाऊन धूपाचा भुगा चिमटीने घ्यायचा, निखाऱ्यावर सोडायचा, हात जोडायचे. आजी त्यांच्या कोपराला हात लावून बरोबर चालत होत्या. संध्याकाळी ढोल सुरू झाला तेव्हा काकू म्हणाल्या, "मी बसते गं." तांको बुशी लागल्यावर मात्र त्या उठल्या. चंद्र बघायच्या जागी पाऊल मागे घेताना त्यांचे डोळे वाहत होते आणि हात एकदाही चुकला नाही.

जपानटाउनमधलं १९०६ सालचं बेंक्योदो हे मोचीचं दुकान मार्च २०२२ मध्ये बंद झालं. खेळ सुटल्यावर तिथला एक तरी डबा घेतल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. आजी आता नाहीत. काकू मुलाकडे टेक्सासला असतात आणि मार्चमध्ये, मेमध्ये नव्हे, फोन करून विचारतात की यंदा कोणते चित्रपट आहेत. ओबोनच्या सरावाला मात्र आता मराठी मुली बऱ्याच दिसतात. एक तर ढोल शिकते आहे. या भागात नव्याने आलेल्यांनी जरूर जावं. सैल सुती कपडे घालावेत, पायांत पक्के बूट, बरोबर पाण्याची बाटली. उभं राहताना एखाद्या वयस्क बाईंच्या मागे उभं राहावं आणि नुसते त्यांचे हात बघावेत. तिसऱ्या फेरीपर्यंत नाच येतो.