ठोकळा घरी ठेवा

अमेरिकन फुटबॉलमध्ये हायस्कूलचा किकर (चेंडू पायाने मारणारा खेळाडू) फील्ड गोल, म्हणजे गोलपोस्टच्या दोन खांबांमधून जाणारी किक, मारताना चेंडूखाली २ इंचांपर्यंतचा ठोकळा ठेवू शकतो. कॉलेजात चेंडू थेट जमिनीवर. गोलपोस्टची रुंदीही २३ फूट ४ इंचांवरून १८ फूट ६ इंचांवर येते. ठोकळ्याची सवय लागलेला पाय जमिनीवरच्या चेंडूला जरा वरच बसतो, किक उठतच नाही आणि समोरच्यांच्या हातांना लागते. कॉलेजच्या कॅम्पमध्ये, म्हणजे खेळाडू पारखण्याच्या शिबिरात, हे प्रशिक्षकांसमोरच उघडं पडतं, आणि कॅम्पचा खरा फायदा तोच! तिथे वेळही मोजतात: स्नॅपपासून (चेंडू मागे फेकला जातो तिथपासून) किकपर्यंत साधारण १.३ सेकंद. किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या लांब किकला, अंतराबरोबर चेंडू हवेत किती वेळ राहिला तेही मोजतात. हा वेळ ४ सेकंदांच्या आसपास असायला हवा. प्रशिक्षकांना पाठवलेल्या व्हिडिओत दहांतल्या तीन चांगल्या किक निवडून दाखवता येतात, इथे दहाही दिसतात.