कागदावर दारूचं नाव

भरतीच्या तिसऱ्या रात्री म्हातारा चादरीवरून कापूस वेचायला लागला. बंडीवरून पडून नडगी मोडलेली, ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर, आणि हा चिमटीनं बोंड धरतोय, कापूस ओढतोय, कमरेला नसलेल्या ओटीत टाकतोय. अगदी सराईतपणे. एखादं बोंड किडकं निघालं की झटकून देई. अंग घामानं डबडबलेलं, हात थरथरत होते. बायको म्हणाली, “पऱ्हाटी येचून राह्यले जी. भायेरचं लागलं वाट्टे.”

मी आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात आरोग्यविम्याच्या कॅशलेस खिडकीवर बसतो, वॉर्डात माझं काम नसतं. पण मुलानं बोलावून नेलं आणि जिन्याजवळ बाजूला घेतलं. तो बुटीबोरीला कंपनीत आहे, तिथल्या ग्रुप पॉलिसीत आईबापाचंही नाव. “भाऊ, डॉक्टर दारूचं विचारून राह्यले. कागदावर ते नाव नका येऊ देऊ. पैसे नाई भेटणार मंग.”

त्याची भीती खोटी नव्हती. बहुतेक पॉलिस्यांत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत दारूचं व्यसन ‘आणि त्याचे परिणाम’ असतातच. गंमत अशी, की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21(4) विमा कंपन्यांना सांगतं, शारीरिक आजाराला जे देता तेच मानसिक आजाराला द्या. आणि त्याच कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या दारू, अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही धरते. 2018 च्या मे महिन्यापासून हा कायदा लागू आहे. खिडकीवर मात्र पॉलिसीच चालते.

मी त्याला म्हटलं, “नाव लपवलं तर बाप जाईल.” रोज पिणारा माणूस एकदम थांबला, की दोन-तीन दिवसांत हे असं होतं. भास, ताप, कधी झटके. डॉक्टरांना ठाऊक नसेल तर ते भूल कोणत्या हिशेबानं देणार? बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मुलगा गप्प झाला. मग आईच बोलली, “वीस वर्सं झाले जी. रोज एक बाटली.” आमचा जिल्हा दारूबंदीचा. बाटली नदीपलीकडून येते, हे इथं शाळकरी पोरालाही माहीत असतं.

मानसोपचाराचे डॉक्टर आले, गोळ्या-इंजेक्शनं सुरू झाली. ऑपरेशन पुढं ढकललं. चौथ्या दिवशी म्हाताऱ्यानं मुलाला ओळखलं आणि पहिला प्रश्न बैलांचा केला.

कॅशलेस नाकारल्याचा मेल तोवर येऊन पडला होता. पायासकट सगळंच नामंजूर, कारण ‘मद्यपान’. हे मला झोंबलं. माणूस सकाळी शुद्धीत शेतात निघाला होता, जू मोडलं म्हणून पडला. डॉक्टरांकडून तसं स्पष्ट लिहून घेतलं: हाड मोडण्याचा आणि दारूचा संबंध नाही. सोबत त्या कायद्याची दोन्ही कलमं, 21(4) आणि व्याख्येचं, जोडली. पायाचे पैसे मंजूर झाले. भ्रमाच्या दिवसांचं बिल मात्र कापलं, कलमांबद्दल अवाक्षर नाही. विमा कंपनीच्या तक्रार कक्षानंही तेच कळवलं, तेव्हा अशा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडचा अर्ज मी टाइप करून दिला. त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. अजून तारीख आलेली नाही.

पुढचे उपचार जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात, मोफत. रात्री-बेरात्री गरज पडली तर म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मी आईच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी ती हळूच विचारत होती, जेवणात कालवायची दारू सोडवायची पुडी मिळते का. डॉक्टरांनी हात जोडले. तशी गोळी आहे, पण त्याला सांगून, त्याच्या मर्जीनंच द्यायची; चोरून दिली आणि तो वरून प्यायला, तर जिवावर बेततं. म्हातारा पलंगावरून सगळं ऐकत होता. म्हणाला, “मले इचारा ना मंग.”