संशोधन हाताला लागलं पाहिजे: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा स्टॉल उभारण्याचा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक वेल्डिंग मशीन, दोन फिटर आणि मी. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर कृषी प्रदर्शन लागलं की आठवडाभर झोप नसायची. एमएस पाईपची फ्रेम, प्लायचा प्लॅटफॉर्म, वर फ्लेक्स. प्रदर्शन संपलं की सगळं उतरवायचं आणि पुढच्या ऑर्डरची वाट बघायची. पैसे मिळत होते, तक्रार काहीच नव्हती.

त्या प्रदर्शनांत कृषी संशोधकांचेही स्टॉल असायचे. द्राक्षावरच्या डावणी या बुरशीच्या रोगावर कुणी कित्येक वर्षं काम केलेलं, आणि ते सगळं एका फ्लेक्सवर बारीक अक्षरांत कोंबलेलं. निफाड, दिंडोरीकडचे शेतकरी यायचे, हात मागे बांधून दोन ओळी वाचायचे, माहितीपत्रक पिशवीत टाकून पुढे जायचे. ज्या माणसाच्या बागेसाठी हे संशोधन झालं त्याच्याशी त्या संशोधनाची ओळखच होत नव्हती. मला हे फार लागायचं. फ्लेक्स छापणारा मीच होतो ना.

एका प्राध्यापक मॅडमना विचारलं, फ्लेक्सऐवजी लोकांना काहीतरी करायला देऊ का? त्या लगेच तयार झाल्या. आम्ही लाकडी पाट्यांचा एक फळा केला. एकेक पाटी म्हणजे एकेक दिवसाचं हवामान: पाऊस, ढग, तापमान. शेतकऱ्याने ते बघून खटका ओढायचा, फवारणी घ्यायची की थांबायचं. मग चाक फिरवलं की पानाचं चित्र पुढे सरकायचं आणि रोग आला की नाही ते दिसायचं. डावणीच्या बुरशीला पानावर ओल लागते. भुरी हा दुसरा बुरशीचा रोग, त्याला तसं साचलेलं पाणी लागत नाही, तो कोरड्या ढगाळ हवेतही वाढतो. हेच वाक्य फ्लेक्सवर होतं तेव्हा कुणी थांबलं नव्हतं. खटक्यापुढे मात्र रांग लागली. आणि रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "ताई, दव सकाळी किती वाजेपर्यंत टिकतं ते यात कुठंय? आम्ही तर तेच बघून पंप काढतो." मॅडमनी वही काढली. पाऊस नसतानाही पान किती तास ओलं राहतं यावर त्या दिवशी तिथेच तासभर चर्चा झाली, आणि पुढच्या फळ्यावर दवाच्या तासांची वेगळी पाटी आली.

त्या तासाभराने माझा धंदा बदलला. शेतकऱ्याला माहिती मिळाली एवढंच झालं नव्हतं, संशोधकालाही मिळाली होती. तेव्हापासून कुठलंही काम घेताना मी दोन गोष्टी विचारतो. बघायला येणाऱ्याच्या हातात खराखुरा निर्णय आहे का? आणि त्याने जे केलं, जे सांगितलं, ते संशोधकाकडे परत जाण्याची सोय आहे का? नुसतं बटण दाबलं आणि दिवा लागला, एवढ्यात समाधान मानणारं काम आम्ही घेत नाही.

हे आम्हीच पहिले करतोय असं अजिबात नाही. फ्रँक ओपनहायमर यांनी 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम उघडलं ते याच विश्वासावर, की वस्तू हाताळल्याशिवाय विज्ञान कळत नाही. आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांच्या कितीतरी पिढ्यांना हेच दिलं. आणि लोकांचे हात संशोधनाच्या उपयोगी पडतात याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठातून निघालेला फोल्डइट हा संगणकावरचा खेळ. खेळणारे पडद्यावर प्रथिनाची साखळी वळवून तिची घडी घालतात. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं सापडत नव्हती. 2011 मध्ये या खेळाडूंनी काही आठवड्यांत तिचा असा नमुना दिला की त्यावरून रचना निश्चित करता आली. त्यातल्या बहुतेकांचा जीवरसायनाशी काही संबंध नव्हता.

आमचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे वाळूचं टेबल. मूळ कल्पना आणि त्याचं सॉफ्टवेअर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांचं, आणि ते त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. वर खोली मोजणारा कॅमेरा असतो, तो वाळूचा चढउतार टिपतो. प्रोजेक्टर त्यावर समोच्च रेषा आणि रंग टाकतो. टेकडी केली की ती तपकिरी होते, खड्डा केला की निळा. वाळूवर तळहात धरला की त्याखाली पाऊस पडतो आणि पाणी उताराने वाहू लागतं. नदीची काळी वाळू इथे चालत नाही, तिच्यावर रंग उठत नाहीत. बारीक पांढरी वाळू आणून तिच्यावर अधूनमधून पाण्याचा फवारा मारावा लागतो, नाहीतर कडे ढासळतात.

त्या वाळूत आम्ही ब्रह्मगिरीपासून रामकुंडापर्यंतची गोदावरी घडवायला लागलो. नाशिकमध्ये पूर हा विषय कुणाला शिकवावा लागत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की छातीपर्यंत, यावरून घराघरात अंदाज बांधले जातात. 1969, 2008, 2016, 2019 ही सालं जुन्या नाशिककरांना पाठ आहेत. लोकांचं म्हणणं साधारण एकच असतं: गंगापूर धरणातून पाणी सोडलं, म्हणून पूर आला. टेबलावर आम्ही त्यांनाच धरण धरून ठेवायला सांगतो आणि पाऊस मात्र धरणाच्या खाली, शहरावर पाडायला लावतो. पाणी तरीही चढतं. सराफ बाजाराच्या भागातून जाणारा सरस्वती नाला झाकला गेलाय. नदी भरलेली असली की नाल्याच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते मागे फुगतं. हे मी चार वाक्यांत सांगितलं. टेबलाशी उभी असलेली एक आजी ते स्वतःच्या बोटांनी वाळू उकरत शोधून काढते आणि सुनेला बोलावून दाखवते. तिला ते आता कोणी विसरायला लावू शकणार नाही.

टेबलाशेजारी जुन्या नाशिकचा मोठा नकाशा असतो. आपल्या घरात, दुकानात पाणी कुठवर आलं होतं तिथे प्रत्येकाने टाचणी लावायची आणि चिठ्ठीवर साल व उंची लिहायची: तिसरी पायरी, ओट्याच्या वर, माळ्याला टेकलं. पुरावर काम करणारे भूगोलाचे संशोधक या चिठ्ठ्या गोळा करतात, जागेवर जाऊन उंची मोजतात. धरणाच्या विसर्गाचे आकडे सरकारी कागदांत मिळतात. पण भांडी बाजारातल्या एका दुकानात पाणी कितव्या फळीपर्यंत होतं, ते त्या दुकानदाराकडेच असतं.

दुसरं काम मला व्यक्तिशः जास्त प्रिय आहे. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नाणी वितळवली नाहीत, तशीच घेऊन त्यांवर आपली चिन्हं उमटवली. पांडवलेण्यांत त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या लेखात त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश केला असं लिहिलंय. त्या विजयाची साक्ष ही नाणी देतात. आम्ही दोन डाय, म्हणजे ठशाचे साचे, बनवल्या. मऊ अॅल्युमिनियमच्या चकतीवर आधी नहपानाचा मुखवटा उमटवायचा, मग तीच चकती उचलून त्यावर तीन कमानींच्या टेकडीचा ठसा मारायचा. हातोडा वरून सोडायचा असतो, समोर अॅक्रिलिकचा आडोसा आहे, म्हणजे बोटं सुरक्षित. दुसरा ठसा पडल्यावरही पहिल्याचं नाक किंवा अक्षराचा तुकडा खालून डोकावतो. मुलं ती चकती उजेडात तिरकी धरतात आणि विचारतात, "आधीचा कोण होता?" नाणेशास्त्राचे अभ्यासक अशा नाण्यापुढे बसून हेच तर विचारतात.

धंद्याचं गणित आता जरा बरं आहे. सुरुवातीला संशोधकांकडे या कामासाठी पैसेच नसायचे. प्रकल्प संपत आला की उरलेल्या रकमेत "काहीतरी करून द्या" म्हणायचे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2022 मध्ये वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि शास्त्रज्ञांनी वर्षाला किमान 10 दिवस समाजासाठी द्यावेत असं सांगितलं. त्यानंतर काहीजण प्रस्ताव लिहितानाच फोन करतात. माझी सगळ्यांना विनंती तीच: शेवटी नको, पहिल्या महिन्यात या. प्रश्न अजून उघडा असतो तेव्हाच लोकांना त्यात काही करता येतं. एका संस्थेने तयार निष्कर्ष देऊन फक्त टचस्क्रीन मागितला होता. टचस्क्रीन आम्हालाही जमतो, पण ते काम मी सोडलं.

सध्या गाळ्यात कांदा साठवायच्या चाळीचं काम चालू आहे. बाजूने पारदर्शक अशी छोटी चाळ, खालून हवा, धूर सोडून हवेची वाट दाखवायची. शेतकऱ्याने थराची उंची आणि फटी बदलून बघायच्या आणि स्वतःच्या चाळीतली सड नोंदवून द्यायची.

पूर टेबल पावसाळ्याआधी पुन्हा पंचवटीत लावतोय. जुने वाडे भराभर उतरतायत आणि त्यांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा त्यांच्याबरोबर जातायत. तुमच्या वाड्यावर अशी खूण असेल तर वाडा पाडण्याआधी, रंग देण्याआधी आम्हाला कळवा. आमची पोरं टेप घेऊन येतील, मोजून घेतील.